वाचकांचे प्रश्न: एका घरात दोन चुली मांडणारी बुरशी

पावसाळा लागला की सगळ्यात आधी आमच्या टपालात बुरशी उगवते, म्हणजे बुरशीवरचे प्रश्न. ह्या वेळी आलेल्यांपैकी पाच पत्रं एकाच गोष्टीभोवती, बुरशीच्या धाग्यांच्या आणि पेशींच्या एकमेकांशी जुळण्याभोवती, घुटमळतायत म्हणून ती एकत्रच घेते. नावं नेहमीप्रमाणे छापत नाहीये.

प्रश्न (सातारा जिल्हा): मॅडम, दोन वर्षं झाली धिंगरी अळंबी करतोय. भुसकटाच्या थरांत गव्हावरचं स्पॉन (बुरशीचं बियाणं) टाकतो. पहिले चार-पाच दिवस प्रत्येक दाण्याभोवती वेगळा पांढरा ठिपका दिसतो आणि पंधरा-वीस दिवसांत अख्खी पिशवी ठोकळ्यासारखी एकसंध पांढरी. तर हा आता एक जीव झाला का शंभर जीव नुसते चिकटून बसलेत? आणि एकदा उरलं होतं म्हणून दोन वेगळ्या ठिकाणचं स्पॉन एकाच पिशवीत अर्धं अर्धं टाकलं तर मधोमध रेघ राहिली, ती कसली?

उत्तर: दादा, एकच जीव. आपण कणीक एकजीव झाली म्हणतो ना, तसं. त्या ठोकळ्यात एका दाण्याचा धागा कुठे संपतो आणि दुसऱ्याचा कुठे सुरू होतो हे आता कुणालाच सांगता येणार नाही कारण ती हद्दच उरलेली नाही. ते आतून जोडले गेलेत, पाइपाला पाइप जोडावा तसे.

बुरशीचा धागा म्हणजे लांबलचक बारीक नळी, वाढते फक्त टोकाला. मध्ये मध्ये आडवे पडदे असतात पण त्या पडद्यांनाही भोकं, त्यातून आतला रस, खाणं, काही बुरश्यांत तर अख्खी केंद्रकं (पेशीतली जीनची गाठोडी) इकडून तिकडे वाहत जातात. आता गंमत बघा, वाढत्या कडेवरचे धागे एकमेकांना टाळतात, अंग चोरून फाकत फाकत पुढे जातात, कारण तिथे काम नवीन जागा धरायचं. पण कडेच्या जरा मागे, जुन्या भागात, बाजूच्या छोट्या फांद्या उलट एकमेकांकडे वळतात आणि टोकाला टोक भिडवून जुळतात, आणि झाडाच्या फांद्यांसारखं जे होतं त्याचं जाळं होतं. फरक कळायला एसटी आठवा. आमच्या लहानपणी डोंगरापलीकडच्या गावाला जायचं तर आधी तालुक्याच्या स्टँडवर जायचं, गाडी बदलायची आणि जवळजवळ तेवढंच अंतर उलट यायचं, मधला रस्ता झाला तेव्हा ते अर्ध्या तासावर आलं. धागे जुळले की बुरशीला असे हजारो मधले रस्ते मिळतात. पिशवीच्या एका कोपऱ्यात पाणी जास्त, दुसऱ्यात खाणं जास्त, तरी दोन्ही सगळीकडे पोचतं, कुठे धागा तुटलाच तर माल दुसऱ्या वाटेनं जातो. बारीक मोडांचा दोन-तीन दिवसांत एवढा वजनदार घोस होतो, तो माल ह्याच जाळ्यातून येतो.

हे जुळणं सगळ्यात बारकाईनं बघितलं गेलंय ते मात्र धिंगरीत नाही, न्यूरोस्पोरा क्रासा नावाच्या केशरी बुरशीत. उकडलेल्या मक्याची कणसं दाणे खाऊन टाकून दिली की पावसाळ्यात दोन-तीन दिवसांत त्यांच्यावर जी भगवी भुकटी येते ना, ती बहुतेक वेळा ही किंवा हिची भावंडं. (बीडल आणि टॅटम ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये जीन आणि एन्झाइमचं नातं दाखवलं ते हिच्यावरच, आणि १९५८ चं नोबेल घेतलं, पण ती गोष्ट परत कधीतरी.) तिचे बीजाणू दाटीवाटीनं पडले की नेहमीच्या अंकुराशिवाय एक वेगळी, आणखी बारीक आणि आखूड नळी बाहेर काढतात, तिला दुसरं कामच नाही, शेजाऱ्याला गाठायचं एवढंच. दोन नळ्या समोरासमोर आल्या की त्या सरळ एकमेकींच्या रोखानं वाढतात. २००९ मध्ये ह्यावर एक सुंदर काम छापून आलं. सॉफ्ट आणि मॅक-टू अशी दोन प्रथिनं, त्यांना चमकणारा रंग जोडला आणि मायक्रोस्कोपखाली फिल्म घेतली. एका नळीच्या टोकाला सॉफ्ट गोळा होतं तेव्हा समोरच्या टोकाला मॅक-टू असतं, काही मिनिटांनी बरोबर उलट, परत उलट, असं भिडेपर्यंत आलटून पालटून चालू. ह्याचा अर्थ असा लावतात की एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो. दोघांचे जीन सारखेच, भाषा सारखीच, दोघं एकदम ओरडायला लागले तर प्रत्येकाला स्वतःचाच आवाज ऐकू येईल म्हणून ही पाळी. आपल्या ग्रामसभेत हे अजून जमलेलं नाही.

भिडल्यावर काय होतं ते मी स्वतः बघितलंय, स्लाइडवर अगरचा (बुरशी वाढवायच्या जेलीचा) पातळ तुकडा ठेवून त्यावर बीजाणू पसरले होते. टोकाला टोक लागलं, मग बराच वेळ काहीच नाही, मी कंटाळून चहा पिऊन आले आणि परत डोळा लावला तर मधली भिंत गायब, बारीक बारीक दाणे एका धाग्यातून दुसऱ्यात सरकत होते, आधी थबकत थबकत आणि मग एकदम लोंढा. भिंत सगळी विरत नाही, जिथे टोकं चिकटलीत तेवढाच गोल ठिपका विरतो, मग दोन्हीकडची पातळ आवरणं एकमेकांत मिसळतात आणि भोक पडतं.

आता तुमची रेघ. बुरशी आधी दार उघडते आणि मग आधार कार्ड बघते. दोन वेगळ्या वाणांचे धागे भेटले तर तेही जुळायला जातात, पण रस मिसळल्यावर आत तपासणी होते, आणि ओळखीचे ठरावीक जीन जुळले नाहीत तर ती जोडलेली खोली, म्हणजे दोन पडद्यांमधला भाग, स्वतःला मारून टाकते, दोन्हीकडची भोकं बंद होतात म्हणजे नुकसान तेवढ्या खोलीपुरतंच. न्यूरोस्पोरात असे ओळखीचे अकरा जीन-ठिकाणं माहीत आहेत, त्यातलं एक जरी वेगळं निघालं तरी खेळ खलास. तुमच्या पिशवीत दोन जाळी जिथे भेटली तिथे असे असंख्य मिनी-मृत्यू झाले, ती रेघ म्हणजे त्यांचं स्मशान.

एवढा कडकपणा कशाला, तर रस मिसळला की त्याबरोबर व्हायरसही येतो. ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतलं. तिकडे चेस्टनटच्या झाडांची साल मारणारी बुरशी १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणीसंग्रहालयातल्या झाडांवर पहिल्यांदा लक्षात आली आणि पुढच्या चार-पाच दशकांत तीनशे ते चारशे कोटी झाडं गेली असा अंदाज आहे. तीच बुरशी इटलीत पोचली, पण तिथे १९५० च्या दशकात दिसायला लागलं की काही झाडांच्या जखमा आपोआप भरून येतायत. कारण त्या बुरशीलाच एक व्हायरस झाला होता जो तिला मरगळून टाकतो, आणि तो पसरतो धागे जुळले की. युरोपात ह्या बुरशीचे ओळख-प्रकार कमी, त्यामुळे धागे एकमेकांना आपलं मानतात आणि व्हायरस आरामात फिरतो. अमेरिकेत प्रकारांची इतकी भाऊगर्दी की जवळजवळ प्रत्येक दारावर तो अडतो, म्हणून तिकडे हाच उपाय म्हणावा तसा चाललाच नाही. बुरशीचा कडकपणा बुरशीला वाचवतो आणि झाड मरतं.

तुमच्यासाठी साधी गोष्ट, एका पिशवीत एकच स्पॉन. उरलेलं वेगळ्या पिशवीत टाका.

प्रश्न (बीएस्सी दुसरं वर्ष, अमरावती): मॅम, प्लाझ्मोगॅमी, कॅरिओगॅमी, डायकॅरिऑन सगळं पाठ आहे, पण दोन पेशी एक झाल्या तर केंद्रकं लगेच एक का होत नाहीत? आणि ते क्लॅम्प कनेक्शन नक्की कशासाठी? चित्र बघून काहीच कळत नाही.

उत्तर: पुस्तकात ते चित्र इतकं वाईट छापलेलं असतं की त्यात तुझा दोष नाही. प्लाझ्मोगॅमी म्हणजे पेशींमधली भिंत गेली, रस एक झाला. कॅरिओगॅमी म्हणजे केंद्रकं एक झाली. प्राण्यांत दुसरी गोष्ट पहिलीच्या पाठोपाठ येते. अळंबीवर्गात मात्र दोन्हींच्या मध्ये आठवडे, महिने, जंगलात तर वर्षंही जातात आणि तेवढा वेळ प्रत्येक पेशीत दोन केंद्रकं शेजारी शेजारी राहतात. एका घरात दोन चुली. तुझं डायकॅरिऑन ते हेच.

होतं असं की बीजाणूतून आलेल्या एकट्या जाळ्यात पेशीमागे साधारण एकच केंद्रक असतं. असं एक जाळं दुसऱ्या जुळणाऱ्या जाळ्याला भेटतं, धागे जुळतात, आणि मग एकाची केंद्रकं दुसऱ्याच्या आधीच वाढलेल्या जाळ्यात घुसून पुढे पुढे जातात, वाटेतले आडवे पडदे विरत जातात, आणि हा प्रवास धागा स्वतः वाढतो त्यापेक्षा वेगानं होतो. म्हणजे भेट एका कोपऱ्यात झाली तरी अख्खं घर दोन चुलींचं. फायदा? एका केंद्रकातला बिघडलेला जीन दुसऱ्यातला चांगला जीन सांभाळून घेतो, आणि तरी दोघं सुटे असल्यामुळे पुढे आणखी सोयरीक करायची वाट मोकळी. कॅनडात विनिपेगला बुलर म्हणून बुरशीवेडे प्राध्यापक होते, त्यांनी १९३० मध्ये दाखवलं की असं दोन केंद्रकांचं जाळं एखाद्या एकट्या जाळ्याला भेटलं तर आपल्यातलं एक केंद्रक त्याला देऊ शकतं. बुलर फिनॉमिनन नावानं परीक्षेत येतं कधी कधी.

आता क्लॅम्प. वही घे आणि माझ्याबरोबर काढ, नुसतं वाचून नाही होणार. टोकाची पेशी, त्यात दोन केंद्रकं, क आणि ख. ह्या पेशीचे दोन भाग करायचेत आणि दोन्हींत एक क, एक ख पाहिजेच. धागा इतका अरुंद की दोघं एकदम विभागले तर क-क एकीकडे ख-ख दुसरीकडे असा घोळ व्हायची भीती. म्हणून पेशीच्या बाजूनं एक छोटा आकडा फुटतो, मागच्या दिशेला वळलेला. क त्या आकड्यात जातो, ख मुख्य नळीत राहतो, दोघं एकाच वेळी विभागतात. एक क आणि एक ख टोकाकडे सरकले, एक ख मागे राहिला, एक क आकड्यात अडकला. आता दोन पडदे टाक, एक आकड्याच्या बुडाशी, एक मुख्य नळीत. टोकाची पेशी झाली, तिच्यात क आणि ख. मागच्या पेशीत बिचारा एकटा ख. मग आकड्याचं टोक वाकून त्या मागच्या पेशीला भिडतं, भिंत विरते, आणि अडकलेला क तिच्यात उतरतो. झालं. म्हणजे क्लॅम्प म्हणजे काय तर स्वतःचंच स्वतःशी जुळणं, आणि ते प्रत्येक विभाजनाला, पेशीगणिक. मायक्रोस्कोपखाली पडद्याजवळ कानासारखा छोटा फुगवटा दिसला की समजायचं इथे दोन चुली आहेत.

शेवटी अळंबी उगवते, तिच्या छत्रीखाली पाती असतात, त्या पातींवर गदेसारख्या पेशी, आणि फक्त तिथे क आणि ख एक होतात. तेही थोडाच वेळ, लगेच मेयोसिस (जीनची जोडी परत अर्धी करणारं विभाजन) होऊन चार केंद्रकं आणि चार बीजाणू. एवढा सगळा संसार आणि खरं लग्न एका पेशीपुरतं. धिंगरीची छत्री रात्रभर काळ्या कागदावर पाती खाली करून ठेव, सकाळी पातींचा पांढुरका ठसा मिळेल, ते हेच बीजाणू. पण बंद खोलीत खूप छत्र्या उघडू देऊ नकोस, धिंगरीच्या बीजाणूंनी धिंगरीवाल्यांना खोकला आणि दमा होतो (साताऱ्याचे दादा, तुम्हीही मास्क लावा आणि छत्रीची कड वर वळायच्या आत तोडणी करा).

प्रश्न (पुणे): एका रीलमध्ये सांगितलं की एका बुरशीला तेवीस हजार लिंगं असतात. काहीही फेकतात ना हे लोक?

उत्तर: आकडा फेकलेला नाही, शब्द चुकलाय. शिझोफायलम कम्यून ही ती बुरशी, पावसात वाळलेल्या लाकडावर दिसतात ते पंख्यासारखे करडे-पांढरे लोकरी तुकडे, उलटे करून बघा, खालच्या पाती उभ्या चिरल्यासारख्या असतात. हिच्यात नर-मादी असं काही नसतं, असतं ते आपल्याकडे लग्न जमवताना गोत्र आणि देवक बघतात तसं. दोन वेगळी जीन-ठिकाणं. एकाचे सुमारे २८८ प्रकार, दुसऱ्याचे सुमारे ८१, गुणाकार करा, २३,३२८. अट अशी की दोन्ही वेगळी पाहिजेत. एकाच छत्रीतून पडलेल्या भावंडांत साधारण चारातलं एकच जमतं, पण परक्या गावच्या कुणाशीही जवळजवळ नक्कीच जमतं, म्हणजे घरातलं लग्न अवघड आणि बाहेरचं सोपं.

आणि दोन्हींपैकी एकच वेगळं असेल तर अर्धवट लटकतं, हे मला सगळ्यात आवडतं. एका प्रकारात केंद्रकं सगळीकडे फिरून येतात पण क्लॅम्प बनतच नाही. दुसऱ्या प्रकारात क्लॅम्पचा आकडा वळतो, मागच्या पेशीपर्यंत येतो आणि जुळत नाही, त्यातलं केंद्रक तिथेच अडकून राहतं. म्हणजे केंद्रकं फिरवणं आणि आकडा जुळवणं हे एका खात्याचं काम, आकडा बनवणं दुसऱ्या खात्याचं, आणि दोघांच्या सह्या झाल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही.

धिंगरीतही अशीच दोन ठिकाणं आहेत. हॉटेलातल्या बटण मश्रूमनं मात्र पळवाट काढलीय, तिच्या गदेवर बहुतेक वेळा चाराऐवजी दोनच बीजाणू येतात आणि प्रत्येकात दोन दोन केंद्रकं, जोडीदार घरातूनच बरोबर घेऊन निघते. त्यामुळे तिचे नवीन संकरित वाण काढणं फार कटकटीचं.

प्रश्न (पणजी): आमच्याकडे पूर्वी सूर (माडी) घालून पाव फुगवायचे, आता यीस्ट घालतात. यीस्ट पण बुरशीच ना, मग पिठात ती पण अशी जुळते का?

उत्तर: पिठात सहसा नाही. तिथे खाणं भरपूर, ती नुसती कळ्या फोडून वाढते आणि गॅस सोडते. पण जुळू शकते. यीस्टचे दोनच प्रकार, ए आणि अल्फा. प्रत्येक जण एक छोटं प्रथिन बाहेर सोडतो, अल्फाचं तेरा अमिनो आम्लांचं आणि ए चं बारा. वास लागला की समोरचा वाढणं थांबवतो आणि त्या दिशेला चोच काढतो, गोल पेशी पेरूसारखी दिसायला लागते. अमेरिकेतल्या एका कॉमिकमध्ये १९४८ साली श्मू नावाचं असलंच फुगीर पात्र आलं होतं, शास्त्रज्ञांनी तेच नाव ह्या पेशीला दिलं. यीस्टमध्ये मात्र दोन चुली नाहीत, पेशी जुळल्या की केंद्रकंही लगेच एक होतात.

प्रश्न (सांगली जिल्हा): मॅडम, दोन गोष्टी. उसात काणीचे चाबूक निघतायत, खोडव्यात जास्तच. आणि शेजाऱ्यानं पाचट पेटवलं तर पावसानंतर जळक्या बुडख्यांवर केशरी भुकटी आली, तो तांबेरा आहे का, माझ्या उसावर येईल का?

उत्तर: दुसरं आधी, कारण ते सोपं आहे. तांबेरा नाही. तांबेरा जिवंत पानावर येतो, जळक्या बुडख्यावर नाही. वर्णनावरून ही वर सांगितलेली न्यूरोस्पोराच वाटते, उभ्या पिकाला तिच्यापासून काही त्रास नाही. तिचे लैंगिक बीजाणू मातीत झोपून असतात आणि आगीच्या धगीनंच जागे होतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले रमेश माहेश्वरी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी कर्नाटकात मद्दूरच्या उसाच्या शेतात नेमकं हेच, जाळल्यानंतर उसावर येणारी न्यूरोस्पोरा, अभ्यासलंय. तिच्यातली आणखी एक गंमत सांगते. तिचेही दोन लग्नाचे प्रकार आहेत. साध्या वाढीत ह्या दोन प्रकारांचे धागे जुळले तर ती खोली मरते, तुमच्या साताऱ्याच्या मित्राच्या रेघेसारखं. पण तीच दोघं लग्नाला उभी राहिली, म्हणजे एकाचा केसासारखा खास धागा दुसऱ्याच्या बीजाणूचा माग काढत गेला आणि जुळला, की कुणी मरत नाही, आठ बीजाणूंच्या पिशव्या तयार होतात. (पाचट जाळू नका हे शेजाऱ्याला सांगाच, कुजवलं तर तेच खत आहे.)

आता काणी, म्हणजे शेंड्यातून चाबकासारखा काळा दांडा काढणारा उसाचा बुरशीरोग, हे गंभीर. चाबकावरची काळी भुकटी म्हणजे बीजाणू, वाऱ्यानं उडून उसाच्या डोळ्यावर बसतात. पण तो बीजाणू रुजला की आधी त्यातून यीस्टसारख्या सुट्या पेशी निघतात आणि त्यातली एकटी पेशी उसाचं काहीही वाकडं करू शकत नाही, मेलेल्या सालीवर किंवा लॅबमध्ये बशीत नुसती जगत बसते. इथेही प्रकार दोनच. दोन विरुद्ध प्रकारच्या पेशी शेजारी आल्या, वास घेतला, बारीक नळ्या काढून जुळल्या, की जो दोन केंद्रकांचा धागा तयार होतो तोच डोळ्यात शिरू शकतो. रोग करायची ताकद जुळण्यातून येते. शिरल्यावर तो उसाच्या वाढत्या शेंड्याबरोबर गुपचूप वर चढतो, ऊस महिनोन्‌महिने निरोगी दिसतो आणि मग एक दिवस शेंड्यातून चाबूक. बेण्यातून तो पुढच्या लागणीत जातो आणि बुडख्यात टिकतो, म्हणून खोडव्यात जास्त.

हे जुळणं शेतात फवारून थांबवता येईल असं औषध सध्या तुमच्या हातात नाही, तेव्हा जुनाच रस्ता. चाबकावरचं चंदेरी पातळ आवरण फाटायच्या आत, सकाळी वारा नसताना, वरून पिशवी घालून चाबूक कापा, पिशवीसकट जाळा, आणि नंतर ते अख्खं बेट मुळासकट उपटा. नुसता चाबूक कापून बेट ठेवलं तर तेच बेट परत चाबूक काढतं. त्या प्लॉटमधलं बेणं वापरू नका आणि खोडवा ठेवू नका, नवीन बेणं उष्ण पाण्याची किंवा उष्ण बाष्पाची प्रक्रिया केलेल्या बेणेमळ्यातून घ्या. आणि पुढच्या वेळी केशरी भुकटीचा फोटो पाठवाल तेव्हा शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो, ह्या वेळच्या फोटोत मला फक्त तुमची चप्पल नीट दिसली.